बाइके, तुम्ही घोड्यावरून पडला नव्हतात

प्रिय तेमिर बाइके,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, तरी हे पत्र मराठीतच लिहिते आहे. आधी रशियनमध्ये लिहायला बसले होते. दोन ओळींतच तोंडी परीक्षेला उभी असल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून कागद फाडला. तुमच्याशी खरं बोलायचं तर माझ्या भाषेतच बोलायला हवं.

गेल्या रविवारी आयजानचा फोन आला. तुमची लेक बावीस वर्षांची झाली, पण आवाज अजून तसाच, प्रत्येक वाक्याच्या शेवटी जरा वर जाणारा. तुम्हाला जाऊन चाळीस दिवस होतील त्या दिवशी घरी माणसं जमणार आहेत, असं तिनं सांगितलं. आमच्याकडे पुण्यानुमोदन असतं, तशीच तुमच्याकडची ही रीत असावी. "बाबांविषयी काही लिहून पाठव, मी सगळ्यांसमोर वाचेन," म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. ते वेगळं लिहून देईन, हे तुमच्यापुरतं.

मी तुम्हाला दादा म्हणून बाइके म्हणते, तशी ती मला ताई म्हणून एजे म्हणते. मग तिनं विचारलं, "प्रज्ञा एजे, बाबा खरंच घोड्यावरून पडले होते का?"

दफनाच्या दिवशी तुमच्या पथकातला एक जुना सोबती बोलता बोलता "त्या इस्पितळात तेमिरनं" एवढं म्हणाला आणि दुसऱ्यानं त्याचा दंड दाबला. तेवढं आयजानच्या कानावर पडलं. तेव्हापासून ती सगळ्यांना विचारते आहे. सगळे एकच सांगतात, चांगला सोबती होता. ती मला म्हणाली, "तू त्याच शहरात शिकत होतीस. तुला माहीत असणार."

मी तिला म्हटलं, ओपीडीत रुग्ण थांबलेत, नंतर बोलते. रविवारी आमच्या आरोग्य केंद्रात ओपीडी नसते, हे तिला कुठून कळणार?

बाइके, मी तुम्हाला शब्द दिला होता, तुमच्या घरी काही सांगणार नाही म्हणून. नऊ वर्षं पाळला. आता मोडला आहे. विचारत नाही, कळवते आहे. कारणं ऐकून घ्या, मग काय रागवायचं ते रागवा.

आपली पहिली भेट आठवते का? डॉक्टरकी शिकायला मी किर्गिझस्तानात येऊन चौथं वर्ष सुरू होतं. प्राध्यापकांनी सांगितलं, देशाच्या दहशतवादविरोधी विशेष पथकातले वैद्यकीय सहायक तुम्हाला रक्तस्राव थांबवायला शिकवणार आहेत. नाव फक्त तेमिर, आडनाव नाही, हुद्दा नाही. आम्ही सगळे सावरून बसलो. सिनेमातल्यासारखा कोणी येईल असं वाटलं होतं. आलात तुम्ही. बुटके, रुंद, कानटोपी घातलेले, काखेत चहाचा थर्मास. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, हा तर आमच्या गावचा कंडक्टर.

दोन तास तुम्ही आम्हाला पट्टा आवळायला लावलात. रबरी पुतळ्याच्या जांघेतली मोठी नस मुठीनं दाबायची, तर माझी मूठ सारखी खाली घसरायची. "वर," तुम्ही म्हणायचात. "अजून वर. रक्त तुझी वाट बघत थांबणार नाही."

शेवटी तुम्ही खिशातून छोटी वही काढलीत आणि म्हणालात, आता तुम्ही मला शिकवा.

"आम्ही दार फोडून आत शिरतो तेव्हा ओरडतो, खाली पडा. इथली माणसं पडतात. पण या शहरात परदेशी विद्यार्थी खूप. घाबरल्यावर त्यांना रशियन आठवत नाही. ते उभे राहून आमच्याकडे बघत बसतात. जो उभा राहतो तो मरतो. तर तुमच्या भाषेत मी काय म्हणू?"

कोणी हिंदीत सांगितलं, कोणी उर्दूत, कोणी तमिळमध्ये. पुण्याच्या एका मुलानं "जमिनीवर आडवे व्हा" असं सांगितलं आणि तुमची जीभ त्या 'आडवे'वरच अडली. मग मी उठून म्हटलं, आमच्या गावात म्हणतात, निजून राय.

मराठी पोरं हसली. निजून रहा, तेही असं खेड्यातलं, बंदुका चालू असताना! तुम्ही हसला नाहीत. माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत, रशियन अक्षरांत लिहिलंत आणि विचारलंत, "हे कोण कोणाला म्हणतं?"

"मला ताप आला की माझी आई म्हणते."

"मग हेच बरं," तुम्ही म्हणालात. "आईचं माणूस चटकन ऐकतं."

पाच महिन्यांनी मार्चमध्ये आमची नेमणूक शहरातल्या एका इस्पितळात होती, तिसऱ्या मजल्यावर, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात. सकाळची फेरी संपली होती. डॉक्टर खाली ऑपरेशनला गेले होते, माझ्या बरोबरीचे दोघे चहाला. वॉर्डात मी, साठीची मुख्य परिचारिका तमारा आणि सहा रुग्ण. दोन माणसं आत शिरली. दोघांच्या हातात बंदुका, आणि मध्ये ओढत आणलेला तिसरा, मांडीत गोळी लागलेला. त्यांनी दाराला लोखंडी कपाट लावलं आणि मला म्हणाले, याला वाचव.

ते कोण होते, कुठून पळत आले होते, त्यांना काय हवं होतं, हे मी पुढे वर्तमानपत्रात वाचलं. त्या वेळी एवढंच कळलं की एकजण खिडकीपाशी उभा राहिला, दुसरा माझ्या डोक्यामागे, आणि माझ्या मुठीखाली एका माणसाचं रक्त होतं. तीन तास मी ती मूठ हलवली नाही. हात बधिर झाला की तमारा स्वतःचा हात माझ्या हातावर ठेवून वरून दाबायची.

भीती वाटली का म्हणून मला खूप जणांनी विचारलं. वाटली. पण भीतीपेक्षाही आमच्या आसगावची आठवण जास्त येत होती, आणि तीही भलतीच. आई अंगणात लाखोळीची डाळ पाखडते आहे आणि मला सांगते आहे की उन्हात बसू नकोस. बस्स, एवढीच.

बाहेरून फोनवर बोलणी चालली होती. शेवटी ते एकाच माणसाला आत घ्यायला तयार झाले. मलमपट्टी करणारा, पांढऱ्या कोटातला, हत्याराविना. कपाट हातभर सरकलं आणि तुम्ही आत आलात. त्यांनी तुमचा कोट उलटापालटा करून पाहिला, पिशवी जमिनीवर ओतली. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू जन्मात पहिल्यांदाच पाहताय. मी ओळख दाखवणार होते. तुमच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसले.

"विद्यार्थिनी का?" तुम्ही रशियनमध्ये दरडावलंत. "असं धरतात? वर धर. अजून वर."

पट्टी गुंडाळता गुंडाळता, औषधाचं नाव सांगावं तशा रूक्ष आवाजात, तुम्ही म्हणालात, "निजून राय."

त्या दोघांनी ते ऐकलं. त्यांना वाटलं असेल, लॅटिन आहे. आत्ता नाही, पण तुमचे लोक येणार, दार फुटणार, एवढं मला मात्र समजलं. मी मान हलवली आणि त्या खिडकीजवळच्या माणसाला म्हटलं, "रुग्णांना खिडकीशी भीती वाटते. खाली गाद्यांवर बसवू का?" तो वैतागलेला होता. हातानं म्हणाला, कर काय ते.

तमारानं आणि मी एकेकाला खाली घेतलं. पाच जण भिंतीकडेला गाद्यांवर झाले. सहावी एक म्हातारी होती, तिचा पाय वजनाला टांगलेला. तिला हलवणं शक्य नव्हतं. मी तिच्या पलंगाशी उभी राहिले आणि तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. मोठ्यानं म्हणालात, "पाणी द्या." तो दाराबाहेरच्या तुमच्या लोकांसाठी इशारा होता, हे मला नंतर कळलं.

दार फुटलं त्याचा आवाज मला आठवत नाही. आठवते ती पांढरी धूळ. मी जमिनीवर निजायला हवं होतं. मी त्या म्हातारीच्या अंगावर निजले, पलंगावर, कमरेच्या उंचीवर. आणि तुम्ही? तुमच्या ठरलेल्या कामाप्रमाणे तुम्हीही त्याच क्षणी खाली पडायचं होतं. जो उभा राहतो तो मरतो, हे तुमचंच वाक्य. खिडकीजवळच्या माणसानं बंदूक पलंगांकडे वळवली आणि तुम्ही मध्ये उभे राहिलात. अंगावर कोट, चिलखत नाही, हातात बँडेजची गुंडाळी.

सगळं चार-पाच श्वासांत संपलं. खिडकीपाशी होता तो मेला, उरलेल्या दोघांना धरलं. माझे रुग्ण सगळे जिवंत. तुमच्या कमरेत गोळी. मी पलंगावरून उतरले आणि तुमच्या जांघेत मूठ रोवली. तुम्ही पांढरेफटक पडला होतात, तरी डोळे उघडून माझ्यावर डाफरलात, "वर. अजून वर." मग मात्र मी तुमच्याहून मोठ्या आवाजात ओरडले, "आता तुम्ही गप्प बसा." तुमच्या पथकातले लोक काळ्या मुखवट्यांतून माझ्याकडे बघत राहिले.

तीन दिवसांनी मी तुम्हाला भेटायला आले तेव्हा तुम्ही आभार मानले नाहीत. माझ्याकडून शब्द घेतलात. गुलनारावहिनींनी लग्नाच्या वेळी तुमच्याकडून कबूल करून घेतलं होतं की गोळ्या चालतात तिथं जायचं नाही. त्यामुळे घरी माहीत होतं ते एवढंच, की तुम्ही पथकाच्या भांडारात काम करता, बूट आणि कांबळी देता-घेता. कमरेचं काय सांगणार, मी विचारलं. "सरावाच्या वेळी घोड्यावरून पडलो," तुम्ही म्हणालात. "आमच्याकडे यावर कोणी शंका घेत नाही."

"मी भंडाऱ्याची आणि तुम्ही भांडारातले," मी म्हटलं. हा विनोद तुम्हाला रशियनमध्ये समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली. समजल्यावर तुम्ही हसलात आणि टाक्यांमुळे लगेच कण्हलात.

त्यानंतर मी तुमच्या घरची झाले. घोड्यावरून पडल्यावर तुमची शुश्रूषा करणारी भारतीय मुलगी, अशी ओळख. आयजान तेरा वर्षांची होती. तिच्यासमोर जेवताना घोड्याचा विषय निघाला की मी ताटातल्या बटाट्याकडे बघायची.

आणि मग तुम्ही आसगावला आलात. हे मात्र मला कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. मी परत येऊन इथली परीक्षा पास झाले, दिघोरीकडच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, त्याच डिसेंबरात तुम्ही एक पाय ओढत आमच्या अंगणात उभे. धानाची मळणी संपत आली होती. अर्धं गाव बघायला जमलं.

आईनं तुम्हाला आपादमस्तक न्याहाळलं आणि मला म्हणाली, "हा पाय काहून वढते वं?"

"घोड्यावरून पडले होते," मी सवयीनं म्हटलं.

बाबा म्हणाले, "तिले तरी खरं सांग ना." बाबांना मी सगळं सांगितलं होतं, आईला नाही. मग बाबांनीच सांगितलं, तिथल्या तिथं, खाटेवर बसून, दोन वाक्यांत. आई उठली. आत गेली, लाखोळीची डाळ आणि भात वाढून आणला आणि तुमच्या समोर बसून राहिली. तुम्ही थांबलात की म्हणायची, "जेव ना बाप्पा, कायले लाजतेस?" तुम्ही तीनदा भात घेतलात. तुम्हाला तिचा शब्दही कळत नव्हता, पण नाही म्हणायची तुमची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी त्यांच्या शाळेतला भिंतीवरचा जुना नकाशा काढला. नवा आला तेव्हा जुना टाकून देणार होते, तो त्यांनी घरी आणून ठेवला होता. त्यात गोंदिया अजून आमच्याच जिल्ह्यात. "हे सारं पह्यले एकच होतं," बाबा बोट फिरवत सांगत होते. "मंग जिल्हा तुटला. हे पोरगी पह्यलीत होती तवा." मी भाषांतर केलं. तुम्ही नकाशा बराच वेळ पाहिलात आणि म्हणालात, "आमच्या शाळेच्या भिंतीवर जो देश होता, तो माझी शाळा संपायच्या आत गेला. नकाशा मात्र मास्तरांनी काढला नाही. म्हणाले, भिंतीला भोक दिसेल." बाबा यावर इतके खूश झाले की पुढचे आठ दिवस जो भेटेल त्याला हेच ऐकवत होते.

याच मुक्कामात गोसीखुर्द धरणाच्या पाण्याच्या काठावर मी तुम्हाला ते विचारलं. मासेमारांच्या होड्या परतत होत्या. चार वर्षं मनात धरलेला प्रश्न होता.

"बाइके, मी खाली निजले असते तर तुम्ही मध्ये आला असतात का?"

तुम्ही म्हणालात, "नाही."

"म्हणजे तुमचा पाय माझ्यामुळे गेला."

"हो."

एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. तुम्ही काठीनं ओल्या मातीत रेघ मारलीत. "मी तुला खोटं सांगून मोकळं करू शकतो. पण तू डॉक्टर आहेस. पाय तुझ्यामुळे गेला. ती म्हातारी तुझ्यामुळे वाचली. यातलं एकच घ्यायचं आणि दुसरं सोडायचं, असं करू नकोस. दोन्ही ठेव."

थोड्या वेळानं तुम्ही विचारलंत, "पुन्हा तसं झालं तर?"

"पुन्हा तिच्यावरच निजेन."

"मग मीही तिथंच उभा राहीन. आता या विषयावर बोलायचं नाही. तो मासा केवढ्याला देतात विचार."

बाइके, त्या दिवसापासून मी ताठ चालते. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. गेल्या हंगामात एका बाईचा हात मळणीयंत्रात कोपरापर्यंत गेला. तिला आणलं तेव्हा तिच्या नवऱ्यानं लुगड्याची चिंधी भलत्याच जागी बांधली होती. मी ती सोडून वर आवळली आणि भंडाऱ्यापर्यंत रुग्णवाहिकेत तिच्या शेजारी बसून राहिले. तिचा हात गेला. ती आहे. मागच्या महिन्यात उरलेल्या हातानं तिनं मला वाल आणून दिले. मी दोन्ही ठेवलं, तुम्ही सांगितलं तसं.

आता माझं रागावणं ऐका. जायच्या आधी छातीत दोन दिवस दुखत होतं ना तुमच्या? कुरणावर होतात, तंबूत, मेंढ्यांपाशी. आयजानला सांगितलंत, जेवण पचलं नाही. डाव्या हाताला मुंग्या येतात हेही तिला सांगितलंत, पण हसत. आम्हाला वर्गात काय शिकवलं होतंत? जखम लपवणारा सैनिक सगळ्या तुकडीला मारतो. मग तुम्ही काय केलंत? मला एक फोन का नाही केलात? मी झोपेतून उठून सांगितलं असतं की घोड्यावर बसू नका, गाडी बोलवा, जिभेखाली गोळी ठेवा. तुम्हाला वाटलं असेल, उगाच कशाला तिला त्रास. असल्या वाटण्यानं माणसं मरतात, हे मी आठवड्यातून दोनदा इथल्या लोकांना ओरडून सांगते, आणि माझा स्वतःचा माणूस त्याच वाटण्यानं गेला.

आणि एक माझीही चूक. त्याच्या आधीच्या आठवड्यात तुमचा फोन आला होता. माझ्याकडे नसबंदीचं शिबिर होतं. "उद्या करते," म्हटलं. उद्या केला नाही. तुम्ही सहजच केला असेल. पण ते सहज होतं की नव्हतं, हे मला आता कधी कळायचं नाही. हेही ठेवलं आहे.

तर, शब्दाबद्दल.

चार दिवस विचार केला. तुम्ही मला गप्प राहायला सांगितलंत ते वहिनींना घोर लागू नये म्हणून. आता घोर कशाचा राहिला? उलट तुमच्या लेकीच्या मनात आता एक रिकामी जागा झाली आहे आणि ती तिथं काहीही भरेल. बापानं कुणाला मारलं, बापानं काही वाईट केलं, म्हणून सगळे गप्प आहेत, असंही तिला वाटू शकतं. ते मी होऊ देणार नाही. काल दुपारी मी तिला फोन केला आणि इस्पितळाच्या दारापासून गोसीखुर्दच्या पाण्यापर्यंत सगळं सांगितलं. माझ्यामुळे तुमचा पाय गेला, हेही सांगितलं.

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. म्हणाली, "थांब, आईला फोन देते. हे तिलाही ऐकू दे."

वहिनींना काय सांगू, कुठून सुरुवात करू? मी म्हटलं, "वहिनी, मी आणि बाइके तुमच्याशी खोटं बोललो."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"माझं माहेर घोड्यांचं. घोड्यावरून पडलेली माणसं मी लहानपणापासून बघते आहे. हाड मोडतं, कातडी सोलवटते. कमरेत गोल भोक पडत नाही. तो घरी आला त्याच दिवशी मी त्याला आंघोळ घातली होती."

"मग तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

त्यांच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता, चाळिसाव्या दिवसाची तयारी चालली असणार. मग म्हणाल्या, "तो दारात बूट काढायचा आणि भांडारातला माणूस होऊन आत यायचा. कोबी चिरायचा. लेकीची वेणी घालायचा. बाहेर त्याला तसं राहता येत नव्हतं. मी एक शब्द बोलले असते, तर बाहेरचं सगळं त्याच्यामागून घरात आलं असतं. मग त्यानं कुठं जायचं?"

बाइके, तुम्ही त्यांना जपत होतात आणि त्या तुम्हाला. नऊ वर्षं, एकाच घरात, एकाच घोड्याच्या आड.

मग त्यांनी विचारलं, "मला एकच सांग. त्या दिवशी त्याला भीती वाटली होती का?"

असं विचारल्यावर लोक जे सांगतात ते माझ्या ओठांवर आलं होतं. वाघासारखे होते, पापणी लवली नाही. पण गोसीखुर्दच्या काठावर तुम्ही मला खोटं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "हो. पट्टीची गाठ मारताना त्यांची बोटं थरथरत होती. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा मी टोक धरलं तेव्हा बसली."

मला वाटलं, चुकले मी.

"सुईत दोरा ओवतानाही त्याचं तसंच व्हायचं," वहिनी म्हणाल्या. "मला इतकी वर्षं वाटायचं, तिथं कोणी दुसराच माणूस जात असेल, मला माहीत नसलेला. म्हणजे तिथंही हाच होता."

हे त्यांचं वाक्य तुमच्यापर्यंत पोचवायचं होतं. बाकीचं पत्र त्यासाठीच लिहिलं, असं समजा.

आता माझं वचन ऐका. वहिनींचं रक्तदाबाचं औषध दोन महिने बंद होतं, हे मी कालच त्यांच्याकडून काढून घेतलं आणि आजपासून सुरू करायला लावलं. दर रविवारी सकाळी त्या आयजानकडून रक्तदाब मोजून घेतील आणि आकडा मला कळवतील. छातीत दुखलं, दम लागला, हाताला मुंग्या आल्या, तर त्याच मिनिटाला फोन, शिबिर असो की काही असो, मी उचलणार. जूनमध्ये रजा टाकली आहे. आई सोबत येते म्हणते, डाळही घेऊन येते म्हणते, कितीही समजावलं तरी ऐकत नाही. वहिनी आता माझ्या रुग्ण आहेत, बाइके. त्यांना मी सहज जाऊ देणार नाही.

तुमची,
प्रज्ञा
आसगाव, तालुका पवनी